तेरियाकीत कॉर्नफ्लोअर कशाला?

महोदय,

आपल्या पुरवणीतील तेरियाकी चिकनच्या (सोया सॉस-साखरेच्या चकचकीत सॉसात घोळवलेल्या जपानी चिकनच्या) कृतीत चिकन रात्रभर सॉसमध्ये मुरवायला आणि शेवटी कॉर्नफ्लोअर घालून सॉस दाट करायला सांगितले आहे. आले-लसूणही आहेच. ही धाटणी अमेरिकेतली. सिॲटलमध्ये तोशी कासाहारा यांनी १९७६ साली तेरियाकीचे हॉटेल काढले आणि पुढे त्या शहरात अशी हॉटेले गल्लोगल्ली झाली. चवीला ती वाईट नाही, पण जपानी घरांतली तेरियाकी याहून सोपी असते.

अर्धा किलो बोनलेस चिकनला सोया सॉस, मिरिन (तांदळाची गोडसर जपानी दारू) आणि साके (तांदळाची जपानी दारू) प्रत्येकी दोन मोठे चमचे (चमचा १५ मिलीचा) आणि साखर एक चमचा. मिरिन-साके नको असेल तर चार चमचे पाणी घेऊन साखर पावणेदोन चमचे करावी. सोया सॉस पातळ, आंबवून केलेला हवा. चायनीजसाठीचा डार्क सॉस रंग काळाकुट्ट करतो. वेगळे मीठ घालू नये.

मांस मांडीचेच घ्यावे, छातीचे कोरडे पडते. आपल्याकडे चिकनवाला न विचारता कातडी सोलतो, म्हणून ‘कातडी ठेवा’ असे आधीच सांगावे. सोललेलेच मिळाले तर तुकडे कोरडे पुसून त्यांवर बटाट्याच्या स्टार्चचा अगदी पातळ हात फिरवावा. कॉर्नफ्लोअर वापरायचेच असेल तर ते इथे, सॉसमध्ये नव्हे.

कातडीची बाजू खाली ठेवून मध्यम आचेवर सहा-सात मिनिटे, उलटून तीन-चार मिनिटे. मांस आतपर्यंत शिजलेले हवे. सुरी खुपसल्यावर गुलाबी पाणी येता कामा नये. मग पॅनमध्ये सुटलेली चरबी कागदाने पुसून घ्यावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सॉस तुकड्यांना का धरत नाही म्हणून वैतागतात.

सॉस ओतायचा तो यानंतर. आधी मुरवलेल्या चिकनवरची साखर मांस शिजण्यापूर्वीच करपते, कडवटपणा येतो. सॉस उकळत असताना चमच्याने तुकड्यांवर सारखा घालत राहावे. दोन-तीन मिनिटांत बारीक फेस जाऊन मोठे, चकचकीत बुडबुडे येतात. उलथने फिरवल्यावर तळाशी क्षणभर वाट राहते. तिथेच गॅस बंद. निवताना सॉस आणखी घट्ट होतो, म्हणून ‘अजून थोडा आटू दे’ म्हणणाऱ्याच्या पदरी चिकट टॉफी पडते. तशी झालीच तर चमचाभर पाणी घालून सैल करावी.

चार मिनिटे थांबून कापावे. जपानी तांदूळ नसला तर सोबत इंद्रायणीचा मऊ भात उत्तम, बासमती नको. जपानमध्ये बुरी नावाच्या माशाचीही तेरियाकी करतात. सुरमईच्या तुकड्यांना हाच सॉस चालतो, फक्त भाजण्याचा वेळ जवळपास निम्मा धरावा.

– एक वाचक, ठाणे