सायलीस, सेंट पॉलहून निघण्यापूर्वी

सांगली, बुधवार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून आई मला चहा देते, पण बोलत नाही. तू बोटीने एकटी मिसिसिपी नदी उतरून न्यू ऑर्लिन्सपर्यंत जाणार म्हणालीस, तर तिचं म्हणणं, मी एकच प्रश्न तीनदा विचारला. "सोबत कोण आहे?" आणि तू म्हणालीस, "बाबा, कुणी नाही. प्रश्न बदला." समीर शुक्रवारी मिनियापोलिसला परत निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो. लिहिताना निदान मधे कुणी तोडत नाही.

प्रश्न बदलला आहे. तू पाठवलेले आर्मी कोअरचे, म्हणजे अमेरिकी सैन्याच्या इंजिनिअर खात्याचे, नदीचे नकाशे झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले. बैठकीच्या खोलीत फरशीवर मांडले, तर सेंट पॉल देवघरापाशी आलं आणि सेंट लुईस मोरीच्या दाराशी. खालची नदी अजून छापायची आहे. ती अंगणात मांडा, असं आईने भिंतीकडे बघून सांगितलं.

सेंट पॉलपासून सेंट लुईसपर्यंत तुला २६ लॉक लागतील, म्हणजे बंधाऱ्यापाशी पाणी वर-खाली करून बोट पलीकडे काढणाऱ्या दारांच्या कोठ्या. मी नकाशावर बोट ठेवून मोजले. पाचनंतर ५-ए आहे आणि २३ नंबरचा नाहीच, म्हणजे सरकारी कामाची तऱ्हा सगळीकडे सारखीच. हे बंधारे पूर अडवायला नाहीत हे मला आधी पटेना. बहुतेक १९३० च्या दशकातले, बार्जना, म्हणजे मालाच्या सपाट होड्यांना, नऊ फूट पाणी मिळावं एवढ्यासाठी बांधलेले. पूर आला की दरवाजे वर, आणि नदी मोकळी. कोयनेतून किती क्युसेक सोडायचे यावर आमचे रात्र-रात्र फोन चालायचे, ती डोकेदुखी तिथल्या माणसाला नाही. केओककला मात्र तू एका दमात ३८ फूट खाली उतरशील. लॉकमध्ये बोटीची दोरी हातात धरायची, खुंटीला गाठ मारायची नाही. पाणी खाली गेलं की बांधलेली बोट लटकते. बार्जवाल्यांना पहिला मान असतो. १५ बार्जचा तांडा ६०० फुटांच्या लॉकमध्ये एका वेळी मावत नाही, दोन तुकडे करून काढतात. तेव्हा दीड-दोन तास थांबावं लागलं तर चिडू नकोस. तू चिडतेस.

आता ती दुसरी दोरी. किल स्विचची, अंगाला अडकवायची, माणूस पडला की ओढली जाऊन इंजिन बंद करणारी. समीर म्हणाला, तुझ्या इंजिनाला आहे पण तू ती लावत नाहीस, उठताबसताना अडकते म्हणून. सायली, १६ फुटी बोट, सपाट बूड, मागे २५ हॉर्सपॉवर. उभं राहून पेट्रोलचा कॅन सरकवायला गेलीस आणि तोल गेला, तर इंजिन चालूच राहतं. सुकाणूवरचा हात सुटला की अशी बोट बहुधा सरळ जात नाही, गोल फिरून पडलेल्या माणसाकडेच येते, पंख्यासकट. सरळ गेली तर ती गेलीच. दोघं असतील तर दुसरा इंजिन बंद करतो. म्हणून मी विचारत होतो सोबत कोण. तुमच्याकडे तर १ एप्रिल २०२१ पासून कायदाच आहे, २६ फुटांखालच्या बोटीत वेग घेतलास की ती दोरी अंगाला अडकवलेली हवी. मी वाचलं आहे.

झालं, आलोच तिथे. दुसरं लिहितो.

लेक पेपिन. तिथे नदीचंच तळं होतं, ३५ किलोमीटर लांब. वारा सुटला की लाटा उठतात. १८९० च्या जुलैत तिथे सी विंग नावाची बोट उलटली आणि ९८ माणसं गेली. सकाळी लवकर पार कर, दुपारी आभाळ भरलं तर लेक सिटीलाच थांब. उतरताना लाल बॉय, म्हणजे तरंगती खूण, डावीकडे आणि हिरवा उजवीकडे. खुणांच्या बाहेर जवळचा रस्ता शोधू नकोस, काठापासून पात्रात काढलेले जुने दगडी बांध पाण्याखाली आहेत, पंखा तुटेल. सेंट लुईसच्या वर, मिसूरी नदी मिळाल्यावर लगेच, डावीकडचा कालवा धरायचा. मुख्य पात्रात चेन ऑफ रॉक्सचा बंधारा आहे. तो नकाशात मी लाल पेनने गोल केला आहे. प्रत समीरकडे देतोय.

हे सगळं तुला माहीत असणार. चार महिने अभ्यास करते आहेस आणि मी इथे फरशीवर गुडघे टेकून तुला नदी शिकवतोय. रागावू नकोस. नोकरीभर मी पाणी मोजलं, पाण्यावरून लांब कधी गेलो नाही.

पण गेज, पाण्याच्या पातळीची पट्टी, बघायची सवय सोडू नकोस. मेम्फिसचं गेज २०२३ च्या ऑक्टोबरात उणे बारा फुटांवर गेलं होतं. आयर्विन पुलावर आपण चाळीसला इशारा आणि पंचेचाळीसला धोका वाचणारी माणसं, उणे आकडा बघून मी चष्मा पुसला. शून्य म्हणजे तळ नव्हे हे मला कळतं, तरी. पाणी इतकं उतरलं की पात्र आकसतं आणि सगळी बार्ज त्याच चिंचोळ्या वाटेने येतात. आणि सेंट लुईसच्या खाली एकही लॉक नाही, म्हणजे तांडेही मोठे, तीस-चाळीस बार्जचे. ढकलणारा मागे असतो, त्याला अगदी पुढ्यातली छोटी बोट दिसतच नाही. रेडिओ चॅनल १३ वर ठेव आणि आधीच सांग, मी इथे आहे, कुठल्या बाजूने जाऊ. पेट्रोल त्या भागात नदीवर फारसं मिळत नाही, म्हणून तू कॅन जास्त घेणार, आणि कॅन सरकवायला उठणार, आणि

नाही लिहीत.

अण्णांचं मी काढणार नव्हतो. तू तेव्हा नव्हतीस, ऐकून आहेस. शर्यतीत सांगलीवाडीची होडी पुढे काढणारा माणूस, त्याला पोहता येत नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. होडी हरिपूरला लागली. नीट होती. वल्हं आत, चपला आत. माई अजूनही संगमावर जात नाही. मला पाण्याची भीती वाटते असं तू फोनवर म्हणालीस, ते बरोबर नाही. मला रिकाम्या होडीची भीती वाटते.

आणि २००५ सालची तूही मला आठवतेस. गावभागातून आपल्याला होडीने काढलं, तू दुसरीत. बाया देवाचं नाव घेत होत्या आणि तू नावाड्याला विचारत होतीस, वल्हं उलटं मारलं तर होडी मागे जाते का. त्याने दिलं की तुझ्या हातात! आईने तुझा फ्रॉक मागून मुठीत धरलेला, माझ्या मांडीवर गॅसची शेगडी. विजेच्या तारांखालून वाकून जाताना सगळे गप्प झाले, तुझी बडबड चालूच. उतरल्यावर त्या नावाड्याने मला सांगितलं, पोरीला हात आहे. मी तेव्हा ओरडलो होतो तुला. त्याचं म्हणणं मात्र ऑफिसात चार जणांना सांगितलं.

आताही सांगतो आहे. कट्ट्यावर सगळ्यांना पाठ झालंय, मिनेसोटा ते न्यू ऑर्लिन्स, सतराशे मैल. परवा जोशी सर म्हणाले, "सोबत कोण आहे?" मला त्यांचा इतका राग आला की मी उठून घरी आलो. एकट्या बाईने नदी उतरू नये असं कुठल्या गॅझेटात छापलंय? हे आईला सांगितलं तर ती दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

एक जागा मला तुझ्याबरोबर बघायला आवडली असती. नॅचेझच्या खाली, उजव्या काठाला, ओल्ड रिव्हरची दारं. मिसिसिपीला आपलं पात्र सोडून अचाफलाया नदीतून समुद्राला जायचं आहे, तो जवळचा रस्ता. ती जाऊ नये म्हणून १९६३ पासून दारं लावून बसलेत, रेड नदी धरून एकूण पाण्यातलं ३० टक्केच तिकडे सोडायचं. १९७३ च्या पुरात ते बांधकाम जाता जाता वाचलं. माझ्यासाठी तिथे थांबून फोटो काढशील असं लिहिणार होतो, पण नको. दारांकडे ओढ असते. डावी थडी धरून, इंजिन न थांबवता पुढे जा. फोटो इंटरनेटवर आहेत.

बॅटन रूजच्या खाली समुद्री जहाजं येतात. तिथे लाटेने बोट उचलली जाते म्हणतात. तेव्हा खाली बस, जॅकेट घाल, आणि ती दोरी मनगटाला किंवा जॅकेटला, तुला हवं तिथे. एवढं एक ऐकलंस तर बाकी पत्र फाडून टाक.

मुक्कामाला पोचलीस की रोज एक शब्द पाठव. 'लागले' एवढंही चालेल. रात्री किती वाजलेत ते बघू नकोस, मी जागाच असतो.

आणखी एक. तू न्यू ऑर्लिन्सला कधी पोचशील तो अंदाज दादाला कळव. आमच्या दोघांच्या व्हिशाची मुदत अजून आहे, तिकिटं तो काढतो म्हणतो. काठावर आम्ही उभे राहिलो तर तुला चालेल का, असं आई विचारते आहे. मी नाही विचारत.

तुझे,
बाबा