ध्वनिपुस्तकांसाठी घरगुती झोळी

महोदय,

अंध वाचकांसाठी घरी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या स्वयंसेवकांनी मायक्रोफोन टेबलावरील स्टँडला थेट आवळू नये, कारण पावलांची धडधड आणि टेबलाला लागलेला जरासा धक्काही लोखंडातून आत शिरतो व ऐकणाऱ्याला तासन्‌तास छळतो. पीव्हीसी पाइपचे रुंद कडे कापून, त्याला समोरासमोर भोके पाडून, शिवणसामानाच्या दुकानातले गोल इलॅस्टिक आडवेतिडवे ओवावे आणि मधोमध मायक्रोफोन अधांतरी बसवावा. इलॅस्टिक फार ताणले तर कंपने पुन्हा पोहोचतात, म्हणून ते किंचित सैलच हवे. भरतकामाच्या रिंगेवर नायलॉनचा पायमोजा ताणून तोंडापुढे लावल्यास ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचे फटकारे निवतात. हे कडे ज्या स्टँडवर बसवायचे, त्याचे आटे ३/८ इंची आहेत की ५/८, हे मात्र आधी तपासावे. ग्रंथालयांनी अशी साधने करून स्वयंसेवकांना द्यावीत.

– एक वाचक, पुणे