सॅलरी स्लिपवर जादा तास छापायला लावा : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी अंधेरीतल्या एका खासगी कंपनीत पगारपत्रकं तयार करते. हजेरीच्या मशीनवरचा प्रत्येक पंच, म्हणजे येण्या-जाण्याच्या वेळेची नोंद, माझ्या नजरेखालून जाते. सकाळी लोकल रखडली की लेटमार्क लागतो, तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा. रात्री साडेनऊला बाहेर पडलेल्याचा पंचही त्याच मशीनवर असतो, पण त्या तासांसाठी पगारपत्रकात रकानाच नाही.

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर सांगितला आहे. साहेब, एक साधा हिशेब मांडते. पगार २६,००० रुपये, महिन्याचे दिवस २६, रोज ८ तास, म्हणजे तासाला १२५ रुपये. रोज दोन तास जादा थांबलं तर महिन्याचे ५२ तास, दुप्पट दराने १३,००० रुपये. अर्धा पगार! अशी चाळीस माणसं एका ऑफिसात असली तर वर्षाला ६२ लाख ४० हजार रुपये कोणाच्याच खात्यात जात नाहीत. ते खर्चात दिसत नाहीत, म्हणून नफ्यात दिसतात.

केंद्राच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीतच लिहिलंय की २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि रोजगार अवघा १.५ टक्क्यांनी. वाढलेलं काम मग कोणी उपसलं? त्याचं उत्तर माझ्याकडच्या पंचांमध्ये आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांसाठी दिवसाचे तास ९ वरून १० आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. वरच्या हिशेबातला माणूस तीन महिन्यांत १५६ तास भरतो. तो वाढवलेल्या मर्यादेच्याही पुढे गेलाय, आणि कागदावर त्याचा ओव्हरटाइम शून्य आहे.

आणखी एक पळवाट रोज बघते. व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदं कायद्यातून वगळलेली आहेत, म्हणून दोन वर्षांच्या अनुभवाच्या मुलाला ‘असिस्टंट मॅनेजर’ करतात. त्याच्या हाताखाली एक माणूस नसतो, कोणाची रजा मंजूर करायचा अधिकार नसतो. पद बघू नका, तो दिवसभर काय काम करतो ते बघा.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये याच शहरातल्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आज रविवारी दुपारी मेसेज येतो, ‘जरा लॅपटॉप उघड’. तो तास तर मशीनवरही येत नाही.

माझी मागणी एकच आहे. हजेरी मशीनवरचे महिन्याचे एकूण तास आणि त्यातले जादा तास प्रत्येक सॅलरी स्लिपवर छापणं सक्तीचं करा, पैसे दिलेले असोत वा नसोत. आज कर्मचारी तक्रार घेऊन कामगार आयुक्तांकडे गेला तर त्याच्या हातात पुरावा नसतो, पुरावा कंपनीच्या सर्व्हरवर असतो. तो रकाना भरायला मला महिन्याला फार तर एक दुपार जास्त लागेल.

आपली विश्वासू,
पगारपत्रकं करणारी एक कर्मचारी, अंधेरी