हाताबद्दल लिहायचं नव्हतं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आईशी फोनवर बोलत होतीस तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. "बाबांना सांगू नकोस," असं तू तिला म्हणालीस. तिने सांगितलं नाही, तिच्यावर रागावू नकोस. पण मला ऐकू आलं. रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपतेस, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात, पहाटे हात झटकत उठतेस. आणि त्याच फोनमध्ये नव्या चित्रकथेच्या पुस्तकाचंही कळलं. एकशे चाळीस पानं, नऊ महिन्यांत करायची.

पुस्तकाबद्दल आधी लिहायला हवं होतं. मनापासून अभिनंदन. संपूर्ण पुस्तक एकटीचं, कथा तुझी, चित्रं तुझी, अक्षरंसुद्धा तुझ्या हातची. आईने लगेच माईला कळवलं. मी काही बोललो नाही. उठून निळी पेटी उघडून बसलो. हाताबद्दल पत्रात काही लिहायचं नाही असं तेव्हाच ठरवलं होतं.

पण खरं सांगतो, फोनच्या आधीच मला कळलं होतं. मागच्या महिन्यात तू आधीच्या कामाच्या शेवटच्या प्रकरणाची पानं पाठवलीस ती मी भिंगाखाली पाहिली. एकतीस वर्षं छापखान्यात, चित्रांचे पत्रे करायच्या ब्लॉकच्या खात्यात काढली, रेष पाहायची सवय जात नाही. तुझी रेष बारीक निघते, मधे पोट धरते आणि शेवटी केसासारखी निघून जाते. पान पंधरापासून ती निघून जात नाही, तुटते. वरून उजवीकडे उतरणाऱ्या रेषा दोन-दोनदा ओढल्या आहेत. म्हातारीच्या शालीवरची जाळी तू पूर्वी एका दमात भरली असतीस, तिथे तीन ठिकाणी हात थांबलाय. आणखी एक विचारू? नेहमी मूळ मापाची पानं पाठवतेस, या वेळी लहान करून पाठवलीस. चित्र मोठं काढून लहान छापलं की हाताची थरथर झाकली जाते, हे तुला मीच शिकवलं होतं. तू ते माझ्यासाठी वापरलंस का?

बघ, सुरुवात हातापासूनच झाली.

तू सहा वर्षांची असशील. सुट्टीच्या दिवशी मी तुला छापखान्यात घेऊन जायचो, आणि तू माझ्या टेबलाखाली रद्द झालेली प्रुफं पसरून बसायचीस. एकदा भिंग हातात धरून ओरडलीस, "बाबा, हिच्या गालाला ठिपके ठिपके आहेत!" सगळं खातं गोळा झालं. मग तुला सांगितलं की गुलाबी शाई वेगळी नसते. लाल शाईचे बारीक ठिपके पांढऱ्या कागदावर विरळ पसरले की डोळा त्यांना गुलाबी म्हणतो. त्या दिवसापासून तुला जुन्या चित्रांचं वेड लागलं असं मी धरून चाललोय. आई म्हणते वेड आधीचंच होतं, भिंतीवरचं. असेल.

पुढे तू विन्सर मॅके या अमेरिकन चित्रकाराचं 'लिटल नेमो' घेऊन आलीस. १९०५ साली सुरू झालेली ती रंगीत पानं, वर्तमानपत्राचं अख्खं पान एका मुलाच्या स्वप्नाला दिलेलं. पलंगाचे पाय वाढत वाढत इमारतींवरून चालतात ते पान तू माझ्यासमोर धरलंस आणि रेषा दाखवायला लागलीस. मी मात्र रंग बघत होतो. चित्रकार कुठे कोणता रंग हवा ते सांगायचा, आणि एकेका रंगाचा पत्रा, ठिपक्यांचा एकेक थर, आमच्यासारखी माणसं तयार करायची. पानावर सही एकाची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, पण त्या दिवशी तू म्हणालीस, "म्हणजे यातला अर्धा नेमो तुमच्या खात्याचा." हे तुला आठवतही नसेल. मला रोज आठवतं.

जस्ताच्या पत्र्यावर रेष उठवायची म्हणजे बाकीचं जस्त ॲसिडने खायचं. ॲसिड खाली खातं तसं बाजूनेही आत शिरतं. दोन मिनिटं जास्त झाली की रेष बारीक होते, आणखी झाली की मधेच तुटते. ती तुटलेली रेष परत जोडता येत नाही, पत्रा टाकून नवा करावा लागतो. आमच्याकडे दुसरा पत्रा असायचा.

पुन्हा तिथेच आलो. आता आलोच आहे तर सगळं बोलून टाकतो.

कॉलेजात असताना तू चार्ल्स शुल्झचं कौतुक तोंडपाठ म्हणायचीस. २ ऑक्टोबर १९५० ला त्याची 'पीनट्स' ही वर्तमानपत्रातली चित्रपट्टी सुरू, जवळजवळ पन्नास वर्षं, १७,८९७ पट्ट्या, आणि एकाही पट्टीला दुसऱ्याचा हात लागलेला नाही. मदतनीस ठेवला नाही, अक्षरंसुद्धा स्वतः काढली. सलग सुट्टी घेतली ती एकदाच, पंचाहत्तरी आली तेव्हा, पाच आठवडे. आणि १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री तो गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची शेवटची रविवारची पट्टी छापून आली. हे सांगताना तुझे डोळे भरून यायचे. १९८१ साली त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर हात थरथरायला लागला आणि ती थरथर रेषेत उतरली. तू दोन पुस्तकं शेजारी ठेवून मला फरक दाखवला होतास. आधीची रेष ताठ, नंतरची पाण्यात सोडल्यासारखी. "ही थरथर किती सुंदर आहे ना बाबा," म्हणालीस. मी हो म्हणालो होतो. ते 'हो' मी आज परत घेतो. तो साठीच्या उंबरठ्यावर होता. तू चौतीस वर्षांची आहेस.

आणि तुझा तो 'क्रेझी कॅट' काढणारा हेरिमन. १९४४ साली तो वारला तेव्हा त्याच्या टेबलावर आठवडाभराच्या पट्ट्या अर्धवट पडल्या होत्या, पेन्सिलीच्या, शाई न लागलेल्या. मागच्या वेळी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा टेबलावर पेन्सिलीची पानं होती आणि तू स्वयंपाकघरात हात गरम पाण्यात बुडवून उभी होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, गार पडलेत. मी ते खरं मानलं. मला ते पान आणि तो गरम पाण्याचा टोप एकाच वेळी डोळ्यांसमोर येतो आणि झोप लागत नाही.

बिल वॉटरसनही तुझ्याच कपाटात आहे. दहा वर्षं 'कॅल्विन अँड हॉब्ज' काढलं, त्यात दोनदा नऊ-नऊ महिने काहीच काढलं नाही. वर्तमानपत्रांनी तेवढे दिवस जुन्या पट्ट्या परत छापल्या. मग ३१ डिसेंबर १९९५ ला आपणहून थांबला. वाचक त्याला विसरले का? ज्या नऊ महिन्यांत तू एकशे चाळीस पानं करणार म्हणतेस, तेवढे महिने त्याने हात नुसता ठेवला होता.

तेव्हा माझं ऐक. मज्जातंतूंची तपासणी करून घे. मनगटात शीर दाबली गेली आणि तशीच राहिली तर अंगठ्याच्या बुडाशी जो गुबगुबीत स्नायू असतो तो झिजत जातो, आणि झिजल्यावर तो पूर्ववत होईलच असं नाही. पट्टा रात्री बांधतेस तो रोज बांध, आठवण झाली तर नव्हे. लांब रेषा खांद्यातून ओढ, मनगटातून नको. जाड-बारीक रेषेसाठी निब दाबावी लागते, कुंचल्याला तेवढा दाब लागत नाही, निदान पार्श्वभूमी कुंचल्याने कर. तासाला दहा मिनिटं उठ. रात्री दोनपर्यंत बसणं बंद. आणि प्रकाशकाला तारीख पुढे ढकलायला सांग, तारीख माणसांनीच ठरवलेली असते.

मागचं वाचलं. फार बोललो. खांद्यातून रेष ओढ हे मी तुला सांगतोय! बारा वर्षं तू हेच काम करतेस, मी आयुष्यात एक मांजरही धड काढलं नाही. माफ कर. आणि तारखेचं लिहिलं ते किती सोपं करून लिहिलं, तेही कळतं. पैसे पानाच्या हिशेबाने येतात, पेन्सिल दाखवल्यावर एक हप्ता, शाई झाल्यावर दुसरा. पान थांबलं की घर थांबतं. महिन्याच्या पगारावर जगलेल्या माणसाला ते पटकन ध्यानात येत नाही. मला आजारपणाची रजा मिळायची. तुला कोण देणार?

म्हणून आणखी एक सांगायचं आहे, फार वर्षं राहिलेलं. नोकरी सोडून घरी आलीस त्या दिवशी मी बोललो होतो की रेघोट्यांवर कुणाचं पोट भरत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघोट्यांवर आपलं पोट भरलेल्या माणसाने ते बोलावं, याची मला शरम वाटते. तू तेव्हा उलट काही बोलली नाहीस, नुसती खोलीत गेलीस. मला भीती आहे की त्या एका वाक्याला उत्तर म्हणून तू इतकी वर्षं रात्री दोनपर्यंत बसतेस. तसं असेल तर बाळा, उत्तर केव्हाच मिळालं. तुझं पहिलं पान छापून आलं तेव्हा मी त्या अंकाच्या तीन प्रती घेतल्या होत्या. तुला एकच दाखवली.

त्या तिन्ही निळ्या पेटीत आहेत. पेटी पाहायला पाहिजेस तू आता. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, उजेड आणि हवा लागली की पिवळा पडतो आणि मग घडीवर मोडतो. तू लहानपणी घड्या घालून ठेवलेले सगळे कागद मी एकेक उलगडले, सपाट केले, मधे आम्लविरहित कागद घातला. दादाने आणून दिला. काम करताना मला तो बिल ब्लॅकबिअर्ड आठवत होता, तूच सांगितलेला. ग्रंथालयं जुन्या वर्तमानपत्रांची काळी-पांढरी मायक्रोफिल्म काढून मूळ गठ्ठे फेकून देत होती, ते हा गोळा करत राहिला. त्या फिल्मवर नेमोचा एक रंगही उरला नसता. शेवटी त्याचा संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला तेव्हा सहा मोठे ट्रक लागले, पंचाहत्तर टन कागद. मला वाचताना सारखं वाटत होतं, त्यातले ठिपके कुणीतरी माझ्यासारख्याने पाडलेले असणार.

पेटीत तुझा पहिला पोपायही सापडला. हात कोपराखाली भोपळ्याएवढे, मनगट जवळजवळ नाहीच. तुझ्या हाताने काढलेले ते हात मी किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक.

आता मुख्य गोष्ट. रागावू नकोस, पूर्ण वाच.

सगळं आपल्याच हातचं असावं हा तुझा हट्ट मला माहीत आहे, आणि तो शुल्झकडून आला हेही माहीत आहे. पण मॅकेसुद्धा तुझाच ना? १९१४ साली त्याने 'गर्टी' नावाची डायनासोर पडद्यावर चालवली. हजारो चित्रं, पातळ कागदावर. पारदर्शक सेलवर, म्हणजे सेल्युलॉइडच्या पातळ तावावर, काम करायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती, म्हणून प्रत्येक चित्रात मागचे डोंगर आणि पाणी नव्याने काढावं लागायचं. ते त्याने शेजारच्या एका कलाविद्यार्थ्याकडून काढून घेतलं. जॉन फिट्झसिमन्स त्याचं नाव. गर्टी मॅकेने काढली, मागचे खडक त्या मुलाने गिरवले. त्यामुळे गर्टी मॅकेची राहिली नाही असं तुला कधी वाटलं का?

चौकटी आखणं, काळं भरणं, शाई वाळल्यावर पेन्सिल खोडणं. एकशे चाळीस पानांत यात तुझे किती तास जातात, ते तुझ्या बोटांना माहीत. काळं जिथे भरायचं तिथे तू बारीक फुली मारतेस, ती मला वाचता येते. माझा हात अजून थरथरत नाही. गेले अठरा दिवस दुपारी मी रूलिंग पेनने चौकटी आखतोय. सुरुवातीला कोपऱ्यात शाई साचायची, आता साचत नाही. तुझी बाहेरची रेष आतल्यापेक्षा जरा जाड असते, तेवढी साधायला आठवडा गेला.

सोबत तीन कागद पाठवतोय. पहिल्यावर नुसत्या चौकटी आहेत, दुसऱ्यावर तुझ्या जुन्या पानाची नक्कल करून काळं भरलंय, तिसऱ्यावर पेन्सिल खोडून दाखवली आहे, कागदाची लव उठलेली नाही. भिंगाखाली बघ. दुसऱ्या कागदावर खाली डावीकडे काळं एका ठिकाणी रेषेच्या बाहेर गेलंय, तिथे मी गोल केलाय. चालण्यासारखं असेल तर पहिल्या वीस पानांची पेन्सिल पाठव. चालण्यासारखं नसेल तर काय चुकलं ते लिही, म्हणजे अजून सराव करीन. उत्तर आईच्या फोनवर सांगितलंस तरी चालेल, तुला लिहावं लागायला नको.

तुझे
बाबा