अस्तनीतला निखारा

प्रिय सुध्या,

तुझं पत्र पोचलं. हेरकथेत गोळी सुटली नाही तर वाचायची कशाला, हे तुझं म्हणणं वाचून हसलो. तुला एक खरी गोष्ट सांगतो. तिच्यातल्या गोळ्या दूर रशियात, बंद दाराआड झाडल्या गेल्या. शिकार मात्र झाली बँकेच्या खात्यात!

१९८५ पासून सीआयएचे, म्हणजे अमेरिकी हेरखात्याचे, रशियातले खबरी एकेक करून पकडले जाऊ लागले. निदान दहा जण जिवानिशी गेले. वॉशिंग्टनजवळच्या मुख्यालयात आधी काय तपासलं? सांकेतिक लिपी फुटली का, मॉस्कोच्या वकिलातीत कुठे माइक दडवलाय का. संशय भिंतींवर, यंत्रांवर. शेजारच्या टेबलावर मात्र नाही. आपल्या शाखेत कॅश कमी भरली तेव्हा सगळ्यांनी आधी शिपायाकडे बघितलं होतं, मीसुद्धा. आठवलं की अजून लाज वाटते.

आणि शेजारच्या टेबलावर होता ऑल्ड्रिच एम्स, खबऱ्यांची नावं सोव्हिएत हेरखात्याला, केजीबीला, पैसे घेऊन विकणारा. कामात सुमार, दारूत पक्का. पगार वर्षाला सत्तर हजार डॉलरच्या आत, आणि १९८९ मध्ये घर घेतलं पाच लाख चाळीस हजारांचं, रोखीनं! दारात जग्वार. विचारलं तर म्हणे, बायकोचं माहेर श्रीमंत. खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर दोनदा बसला, दोनदा सुटला.

त्याला हेरलं सीआयएतल्याच जीन व्हर्टफे आणि सँडी ग्राइम्स यांच्या छोट्याशा तुकडीनं. सँडीनं एम्सचं रोजचं येणंजाणं तारीखवार लिहून काढलं. सोव्हिएत वकिलातीतल्या चुवाखिन नावाच्या माणसाबरोबर तो जेवायला जायचा, तेही कचेरीच्या परवानगीनं. शेजारी बँकेतला भरणा मांडला. १७ मे १९८५ ला जेवण, १८ मे ला नऊ हजार जमा. २ जुलैला जेवण, ५ जुलैला पाच हजार. ३१ जुलैला जेवण आणि त्याच दिवशी साडेआठ हजार. सुध्या, आपण आयुष्यभर व्हाउचर आणि लेजर ताडून टिक मारत आलो, त्यात आणि यात फरक काय? हे जुळलं १९९२ मध्ये. बेड्या पडल्या फेब्रुवारी १९९४ मध्ये. मधला काळ पुराव्यासाठी त्याचा कचरासुद्धा उपसण्यात गेला.

अटकेनंतर त्यानं जीनला तोंडावर सांगितलं म्हणे, की संशय दुसऱ्या कुणावर ढकलता येईल असं केजीबीनं विचारलं, तेव्हा मी तुझंच नाव सुचवलं होतं. काय म्हणावं या माणसाला!

पण मला खरी चटका लावून गेली ती सँडी. पूर्वी ती आणि एम्स एकाच गाडीतून कामावर जायचे. आपण दोघं नाही का, तीन वर्षं तुझ्या बजाजवर डबलसीट जात होतो. मागे बसून मी काय विचार करत असे, तुला कधी शंका आली होती का रे? खरं सांग.

वहिनींना नमस्कार. दिवाळीला येतोस ना?

तुझा,
अव्या