न्यायाधीशाने काय करावं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडून विचारलंस, "कायदा वाईट आहे हे न्यायाधीशांना दिसत होतं, मग बदलून का नाही टाकला?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

कायदा करणाऱ्यांना लोक निवडून देतात आणि घरीही बसवतात. न्यायाधीशाला मात्र सहजासहजी हटवता येत नाही. त्याने कुणाची मर्जी राखू नये म्हणूनच ही सोय. पण मग त्याने स्वतःच्या मर्जीलाही कायदा म्हणू नये. कायदा राज्यघटनेत बसत नसेल तर तो रद्द करावा, आणि बसत असेल पण आवडत नसेल तर तसं निकालपत्रात लिहावं आणि बदलायचं काम विधिमंडळावर सोडावं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात गुलामगिरीचा वाद एका निकालाने मिटवायला घेतला. कृष्णवर्णीय माणूस देशाचा नागरिक होऊच शकत नाही, असं ठरवलं. चार वर्षांत तिथे यादवी पेटली.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त छळते. १९७६, आणीबाणी. विनाचौकशी डांबलेल्या माणसांना कोर्टात दाद मागता येईल का, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे होता. न्या. हंसराज खन्नांनी सरकारी वकिलांना विचारलं, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक दुष्मनीतून कुणाचा जीव घेतला तर? आणीबाणी असेपर्यंत त्यावरही दाद नाही, असं उत्तर आलं. भर कोर्टात! तरीही चौघांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. एकटे खन्ना विरोधात गेले. त्यांनी नवा कायदा केला नाही गं, कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावता येत नाही, एवढंच धरून ठेवलं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. बहुमताचा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच मोडीत काढला, पण २०१७ मध्ये.

न्यायालयाकडे ना फौज, ना तिजोरी. लोक निकाल मानतात तो त्यामागची कारणं पटतात म्हणून. म्हणून मला निकालापेक्षा त्याची कारणमीमांसा महत्त्वाची वाटते. तू चिडलीस तो निकाल त्या नजरेने पुन्हा वाच. कारणं लंगडी वाटली तर मीही तुझ्या बाजूने.

सुट्टीत येताना खन्नांचं निकालपत्र छापून आण. मोठं आहे, दोघं मिळून वाचू.

तुझे,
बाबा