कुलाब्यातली एक संध्याकाळ

महोदय,
मुंबई बघायला येणाऱ्या तरुणांनी एक संध्याकाळ कुलाब्यासाठी राखून ठेवावीच. कॉजवे या तिथल्या रस्त्यावर १८७१ पासूनचे लिओपोल्ड कॅफे आहे. पण बसावे कॅफे मोंडेगारमध्ये. भिंतभर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रे, ज्यूकबॉक्स आणि टेबले इतकी खेटून, की शेजारच्यांशी गप्पा सुरू होतातच. गर्दी व्हायच्या आत, सातपर्यंत पोहोचावे. वयाचा पुरावा सोबत हवाच : महाराष्ट्रात बिअरसाठी २१, व्हिस्की-रमसाठी २५ वर्षे पूर्ण लागतात. बाहेरगावच्या अनेकांचा हिरमोड इथेच होतो. त्या दिवशी ड्राय डे (दारूविक्री बंद) नाही ना, हेही आधी पाहावे. बिलातले सेवाशुल्क ऐच्छिक असते. नको असल्यास काढायला सांगावे. नंतर ताज हॉटेलमागच्या बडेमियाँकडे गरम सीख कबाब, बैदा रोटी. चर्चगेटहून बोरिवलीची शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास सुटते.

– एक वाचक, मुंबई